आनेमारी मोझर-प्रोल : ६२ विजय आणि आठ वर्षे लांबलेले एक सुवर्ण

महिला स्कीइंगमधल्या विक्रमांचा विषय निघाला की ६२ हा आकडा येतोच. १९ जानेवारी २०१५ रोजी इटलीतल्या कोर्टिना द'आम्पेझ्झो इथे अमेरिकेच्या लिंडसी व्हॉनने वर्ल्ड कपमधला आपला ६३वा विजय मिळवला आणि तब्बल ३५ वर्षे टिकलेला विक्रम मागे पडला. तो विक्रम ऑस्ट्रियाच्या आनेमारी मोझर-प्रोलचा होता. विक्रम मोडला की आधीच्या मानकऱ्याचे नाव बातमीत ओळीपुरते उरते. आनेमारीच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. तिची कारकीर्द आणि वर्ल्ड कप ही स्पर्धा जवळजवळ बरोबरीने वाढली आहेत, आणि एकीकडे पाहिल्याशिवाय दुसरीचा अर्थ लागत नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे वर्ल्ड कप म्हटले की चार वर्षांनी येणारी, महिना-दीड महिन्यात संपणारी स्पर्धा डोळ्यांसमोर येते. स्कीइंगचा वर्ल्ड कप दर हिवाळ्यात होतो आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चालतो. आज फ्रान्स, पुढच्या आठवड्यात स्वित्झर्लंड, मग ऑस्ट्रिया असा तांडा फिरतो, प्रत्येक शर्यतीचे गुण मिळतात आणि शेवटी बेरजेत जो पहिला त्याला स्फटिकाचा मोठा गोलक मिळतो. ऑलिंपिक म्हणजे एका पेपरवर ठरणारी परीक्षा, तर वर्ल्ड कप म्हणजे वर्षभराच्या अभ्यासाचे गुण. ही कल्पना निघाली ऑगस्ट १९६६ मध्ये चिलीतल्या पोर्तियो इथल्या जागतिक स्पर्धेच्या वेळी. फ्रेंच पत्रकार सर्ज लांग, फ्रान्सचे प्रशिक्षक ओनोरे बोने आणि अमेरिकेचे बॉब बीटी यांनी ती उचलून धरली आणि जानेवारी १९६७ मध्ये पहिली शर्यत झाली सुद्धा. त्या काळी पहिल्या क्रमांकाला २५ गुण, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १५, आणि दहाव्यानंतर काहीच नाही. अकरावा आलेला आणि शेवटचा आलेला, दोघांच्या खात्यात शून्य.

आनेमारी प्रोल या स्पर्धेत पहिल्यांदा उतरली जानेवारी १९६८ मध्ये, ऑस्ट्रियातल्या बाडगास्टाइनच्या डाउनहिलमध्ये, म्हणजे उतारावरच्या निव्वळ वेगाच्या शर्यतीत. वय १४. निकालात ती शेवटची होती.

तिचा जन्म २७ मार्च १९५३ चा. गाव क्लाइनार्ल, साल्झबर्ग प्रांतातल्या पोंगाउ भागात, एका अरुंद दरीच्या वरच्या टोकाला. उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटर. वडील डोंगरातले शेतकरी आणि घरात आठ भावंडे, त्यांत ही सहावी. चौथ्या वर्षी तिने स्की पायात चढवल्या, त्याही वडिलांनी घरी लाकूड तासून केलेल्या. या भागात हे काही विशेष मानले जात नसे. हिवाळ्यात दारातून बाहेर पडले की उतारच, त्यामुळे मुलांचे खेळणे आणि येणे-जाणे दोन्ही स्कीवरच. विशेष म्हणायचे तर आजूबाजूचा परिसर. शेजारच्या वाग्राइन गावात आलोइस रोरमोझर यांनी १९५५ मध्ये अटॉमिक हा स्कीचा कारखाना सुरू केला होता. आनेमारीने पुढे जग जिंकले ते या अटॉमिकच्या स्कीवर. शर्यत करणारी आणि शर्यतीची हत्यारे घडवणारे एकाच दरीतले असणे ही छोटी गोष्ट नाही.

ऑस्ट्रियासाठी हा खेळ नुसता खेळ नव्हताच. युद्धात पोळलेल्या या लहान देशाला १९५६ मध्ये टोनी सायलरने कोर्टिनाच्या ऑलिंपिकमध्ये अल्पाइनची, म्हणजे उतारावरच्या स्कीइंगची, पुरुषांची तिन्ही सुवर्णपदके मिळवून दिली, आणि हिवाळी पर्यटनावर जगणाऱ्या खेड्यापाड्यांना त्यातून स्वतःची नवी ओळख मिळाली. महिलांच्या डाउनहिलमध्ये तर परंपराच होती. १९५२ मध्ये ट्रूडे योखुम-बायझर, १९६४ मध्ये क्रिस्टल हास, १९६८ मध्ये ओल्गा पाल. १९६४ ला इन्सब्रुकमध्ये तर पहिल्या तिन्ही जागा ऑस्ट्रियाच्या मुलींनी घेतल्या. १९६९ मध्ये गेरट्रुड गाबलने वर्ल्ड कपही देशात आणला. ऑस्ट्रियाच्या डाउनहिलपटूकडून ऑलिंपिक सुवर्णाची अपेक्षा असते असे नव्हे, ते येणारच असे गृहीत धरले जाते. आनेमारीच्या पाठीवर हे ओझे पहिल्यापासून होते.

वर येण्याचा वेग मात्र अफाट होता. जानेवारी १९७० मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारिबोर इथे तिने जायंट स्लालममध्ये पहिला वर्ल्ड कप विजय मिळवला. पुढच्याच महिन्यात इटलीतल्या व्हाल गार्डेनाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत (ही वर्ल्ड कपहून वेगळी) डाउनहिलचे कांस्य. आणि १९७१ चा हिवाळा संपला तेव्हा ती वर्ल्ड कपची सर्वंकष विजेती, म्हणजे एकूण गुणांत पहिली, होती. अठरावा वाढदिवस अजून यायचा होता. त्यानंतर १९७२, ७३, ७४, ७५ असे आणखी चार चषक ओळीने.

डाउनहिल म्हणजे काय, हे बर्फ न पाहिलेल्या वाचकासाठी सांगायला हवे. स्लालममध्ये दांड्यांच्या मधून झटपट वळणे घेत जायचे असते. जायंट स्लालममध्ये वळणे मोठी, वेग जास्त. डाउनहिलमध्ये वळणे कमीत कमी आणि वेग सगळ्यांत जास्त. दोन मीटरहून लांब स्की, अंग पार दुमडून छाती मांड्यांना टेकवायची, हात पुढे ताणायचे आणि त्याच अवस्थेत उतार कापायचा. खाली खड्डे, उंचवटे, टणक बर्फ. वाऱ्याच्या धाकाने किंवा मांड्या पेटल्या म्हणून जो अर्धा क्षण उठतो त्याचे शतांश सेकंद तिथेच गळतात. आनेमारीचे बळ नेमके इथे होते. भक्कम बांधा, मजबूत पाय, आणि दुसऱ्या जिथे सावधपणे उठत तिथे दुमडून राहण्याची हिंमत. आजच्यासारखी जाळ्यांची कुंपणे तेव्हा नव्हती, कडेला गवताच्या पेंढ्या रचलेल्या असत. १९७२-७३ च्या मोसमात महिलांच्या आठ डाउनहिल झाल्या आणि आठही तिने जिंकल्या. पुढच्या मोसमात आणखी तीन. डिसेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात सलग ११ डाउनहिलमध्ये तिच्यापुढे कोणी नव्हते. ज्या खेळात स्कीची धार एकदा चुकीची पडली की माणूस कडेला फेकला जातो, स्कीला लावायच्या मेणाचा अंदाज चुकला तरी निकाल फिरतो, त्यात हे घडले. माझ्या मते तिच्या सगळ्या आकड्यांत हा सर्वांत मोठा आहे, ६२ पेक्षाही.

आणि तरीही याच वर्षांतली जी गोष्ट लोक सांगतात ती हरण्याची आहे. साप्पोरो, फेब्रुवारी १९७२.

त्या ऑलिंपिकवर ऑस्ट्रियाच्या दृष्टीने सुरुवातीलाच सावट पडले होते. संघाचा ज्येष्ठ खेळाडू कार्ल श्रान्झ, वय ३३, ऑलिंपिक सुवर्ण कधीच न मिळालेला. जाहिरातींसाठी आपले नाव आणि छायाचित्र वापरू दिल्याच्या कारणावरून त्याला उद्घाटनाच्या तीन दिवस आधी स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज हौशी खेळाडूच्या जुन्या कल्पनेवर अडून होते, आणि स्की कारखान्यांच्या पैशावर चालणारे अल्पाइन स्कीइंग त्यांच्या डोळ्यांत फार दिवस खुपत होते. असे करणारा श्रान्झ एकटा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होते. ऑस्ट्रियाचा संघ माघार घेण्याच्या विचारात होता आणि अखेर श्रान्झच्याच सांगण्यावरून थांबला. श्रान्झ परतला तेव्हा व्हिएन्नाच्या रस्त्यांवर लाखभर लोक लोटले. मागे साप्पोरोत उरलेल्या खेळाडूंवर आता त्याच्याही वाट्याचे सुवर्ण आणायची जबाबदारी आली, आणि त्यांतली सर्वांत भरवशाची होती १८ वर्षांची आनेमारी.

५ फेब्रुवारीला महिलांची डाउनहिल झाली. स्वित्झर्लंडची १७ वर्षांची मारी-थेरेस नादिग १ मिनिट ३६.६८ सेकंदांत आली. आनेमारी १ मिनिट ३७ सेकंदांत. फरक ०.३२ सेकंद. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने हे अंतर सुमारे सात मीटर भरते. तीन दिवसांनी जायंट स्लालममध्येही नादिग पहिली, आनेमारी दुसरी. दोन रौप्यपदके घेऊन ती घरी गेली, आणि त्या काळच्या ऑस्ट्रियात त्याला अपयश म्हटले गेले. हा निवाडा तेव्हाही अन्यायाचा होता आणि आजही आहे. त्याच हिवाळ्यात वर्ल्ड कपच्या गुणांत ती सगळ्यांच्या पुढे होती. एका सकाळच्या सात मीटरांनी ते पुसले जात नाही. नादिगच्या गुणवत्तेला यात कमीपणा नाही, ती पुढेही वर्षानुवर्षे आनेमारीची प्रतिस्पर्धी राहिली.

१९७४ मध्ये सेंट मॉरिट्झला आनेमारी डाउनहिलची जगज्जेती झाली. त्याच वर्षी हर्बर्ट मोझर यांच्याशी लग्न झाले आणि निकालपत्रकांत तिचे नाव मोझर-प्रोल असे लिहिले जाऊ लागले. मार्च १९७५ मध्ये पाचवा चषक हातात आला. आणि बाविसाव्या वर्षी तिने शर्यती सोडल्या.

हा निर्णय किती मोठा होता ते कळायला आधीचा घटनाक्रम पाहावा लागतो. १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक मुळात अमेरिकेत, डेन्व्हरला व्हायचे होते. १९७२ च्या नोव्हेंबरात तिथल्या मतदारांनी खर्चाला नकार दिला आणि स्पर्धा इन्सब्रुककडे आली. म्हणजे साप्पोरोचा हिशेब चुकता करण्याची संधी ध्यानीमनी नसता तिच्या स्वतःच्या देशात, तिच्या डोंगरांत चालून आली होती. पण घरी वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी होते. ज्यांनी तिला पहिल्या स्की करून दिल्या त्यांच्याजवळ तिने तो हिवाळा काढला. फेब्रुवारी १९७६ मध्ये इन्सब्रुकची महिला डाउनहिल पश्चिम जर्मनीच्या रोझी मिटरमायरने जिंकली. मिटरमायरने याआधी वर्ल्ड कपची एकही डाउनहिल जिंकलेली नव्हती. ऑस्ट्रियाची ब्रिगिटे टोटश्निग दुसरी आली. त्या शर्यतीत आनेमारी असती तर काय झाले असते, हा प्रश्न ऑस्ट्रियात पुढे वर्षानुवर्षे चघळला गेला. मला तो गैरलागू वाटतो. तिने काय महत्त्वाचे ते ठरवले होते.

वडील गेल्यानंतर, १९७६-७७ च्या मोसमात ती परतली. पहिल्या वर्षी चषकाच्या यादीत दुसरी, स्वित्झर्लंडची लिझ-मारी मोरेरोद पुढे. दुसऱ्या वर्षीही दुसरी, यावेळी लिकटेनस्टाइनची हान्नी वेन्झेल पुढे. मात्र १९७८ मध्ये गार्मिशच्या जागतिक स्पर्धेत तिने डाउनहिल आणि कम्बाइन्ड (वेगवेगळ्या प्रकारांतल्या शर्यतींचा एकत्रित निकाल) अशी दोन सुवर्णपदके घेतली. आणि १९७९ मध्ये वेन्झेलशी शेवटपर्यंत झुंजून, अवघ्या ३ गुणांच्या फरकाने, सहावा चषक. पाचव्या आणि सहाव्या चषकामध्ये चार वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात बूट, स्की, उतारांची आखणी, सारे बदलले होते.

उरले होते ते एकच. फेब्रुवारी १९८०, अमेरिकेतले लेक प्लॅसिड, व्हाइटफेस डोंगर. हिवाळी ऑलिंपिकमध्ये कृत्रिम बर्फ पहिल्यांदाच वापरले गेले ते इथे. त्या हिवाळ्यातल्या वर्ल्ड कपच्या बहुतेक डाउनहिल नादिगने जिंकल्या होत्या, त्यामुळे पसंती तिलाच होती. साप्पोरोतल्या त्याच दोघी, आठ वर्षांनी. आनेमारी १ मिनिट ३७.५२ सेकंदांत खाली आली. वेन्झेल तिच्या ०.७० सेकंदांनी मागे, नादिग आणखी थोडी मागे, कांस्यपदकावर. डाउनहिलमध्ये ०.७० हा निसटता विजय नसतो, तो धडधडीत वरचढपणा असतो. तेव्हा आनेमारी २६ वर्षांची होती. मोसम संपताच तिने निवृत्ती घेतली आणि नंतर क्लाइनार्लमध्येच नवऱ्याबरोबर कॅफे चालवला.

लेक प्लॅसिडच्या सुवर्णाने तिची कारकीर्द पूर्ण झाली असे लिहिण्याचा प्रघात आहे. ते मला पटत नाही. ते सुवर्ण मिळाले नसते तरी एक नोंद तशीच राहिली असती: १९७१ ते १९८० या काळात तिने नऊ मोसम शर्यती केल्या, त्यात सहा वेळा ती सर्वंकष विजेती होती आणि तीन वेळा दुसरी. पहिल्या दोघींच्या बाहेर ती कधी गेलीच नाही.

आता पुन्हा ६२ कडे. त्यात डाउनहिलचे ३६ विजय आहेत, जायंट स्लालमचे १६, कम्बाइन्डचे ७ आणि स्लालमचे ३. सुपर-जी हा डाउनहिल आणि जायंट स्लालम यांच्या मधला प्रकार तिच्या काळी नव्हताच, तो वर्ल्ड कपमध्ये आला १९८२-८३ च्या मोसमात, तिच्या निवृत्तीनंतर. तिच्या अंगच्या दोन्ही गुणांना, वेगाला आणि मोठ्या वळणांना, तो नेमका मानवला असता. व्हॉनने कोर्टिनात १८ जानेवारी २०१५ ला डाउनहिल जिंकून ६२ ची बरोबरी केली, आणि दुसऱ्या दिवशीचा ६३वा विजय होता सुपर-जीचा. पुढे अमेरिकेच्याच मिकाएला शिफ्रिनने शंभरी गाठली, तिचे निम्म्याहून अधिक विजय स्लालममधले. डाउनहिलमधला ३६ चा आकडा मात्र व्हॉनच्या ६३व्या विजयानंतरही वर्षभर उभा होता. तो व्हॉनने २०१६ मध्ये मागे टाकला, तोही कोर्टिनाच्याच उतारावर.