प्रोबेशनची फाळणी आणि न जुळलेले संगणक

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जून २०१४ रोजी प्रोबेशन सेवेचे दोन तुकडे झाले. शिक्षा झालेल्या माणसाला तुरुंगाऐवजी, किंवा तुरुंगातून सुटल्यावर, समाजात राहू द्यायचं आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हे काम तोवर ३५ स्थानिक ट्रस्ट करत होते. सरकारच्याच मूल्यमापनात त्या सगळ्यांना ‘चांगले’ किंवा त्याहून वरचा शेरा मिळालेला होता. तरीही न्यायमंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी ते मोडीत काढले. ज्यांच्यापासून गंभीर धोका आहे ते गुन्हेगार सरकारी ‘नॅशनल प्रोबेशन सर्व्हिस’कडे गेले. मध्यम आणि कमी धोक्याचे २१ नव्या कंपन्यांकडे सोपवले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये त्या कंपन्या खासगी मालकांच्या हाती दिल्या. मे २०१५ मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती, हे ध्यानात घेतलं की एवढ्या घाईचं कारण वेगळं शोधावं लागत नाही.

या आखणीतली गोम अशी की, धोका काही माणसाच्या कपाळावर गोंदलेला नसतो. आज कमी धोक्याचा म्हणून नोंदलेला माणूस नोकरी गेली, दारू वाढली, जुन्या जोडीदाराच्या दाराशी घिरट्या घालू लागला की महिन्याभरात वेगळ्याच गटात जातो. पूर्वी अशा वेळी अधिकारी उठून शेजारच्या टेबलावरच्या अनुभवी सहकाऱ्याला विचारायचा. आता मध्ये दोन संस्थांची हद्द आली. प्रकरण पलीकडे पाठवायचं तर फॉर्म भरा, तो मंजूर होण्याची वाट पाहा. एकाच इमारतीत बसणाऱ्यांना एकमेकांच्या नोंदी पूर्वीसारख्या दिसेनात.

म्हणजे सगळी भिस्त संगणकावर आली, आणि नेमकी तीच बाजू लंगडी होती. नोंदी ‘एन-डेलियस’ या प्रणालीत. धोक्याचं सविस्तर मूल्यमापन ‘ओएसिस’ या दुसऱ्या प्रणालीत. त्यात नव्या रचनेसाठी आणखी दोन गोष्टींची भर पडली: पुन्हा गंभीर गुन्हा होण्याची शक्यता आकड्यात सांगणारं एक गणित, आणि प्रकरण कुणाकडे जाणार हे ठरवणारा एक्सेलमधला फॉर्म. न्यायालयात बसलेल्या अधिकाऱ्याने तेच नाव, तीच जन्मतारीख, तोच गुन्हा पुन्हा पुन्हा टंकायचा, आणि मध्येच प्रणाली बंद पडली तर परत पहिल्यापासून. असल्या घाईत चुकीच्या रकान्यात पडलेली खूण एखाद्या माणसाला भलत्याच संस्थेकडे पाठवू शकत होती. ‘नापो’ ही कर्मचारी संघटना सुरक्षिततेच्या मुद्द्यावर न्यायालयातही गेली.

हे संकट काही आकाशातून पडलं नव्हतं. नव्वदच्या दशकात सगळ्या प्रोबेशन विभागांसाठी ‘क्रॅम्स’ नावाची सामाईक प्रणाली आणण्याचा प्रयत्न झाला होता. ती ज्या योजनेचा भाग होती तिचा खर्च ११.८ कोटी पौंडांवर, म्हणजे मूळ अंदाजापेक्षा ७० टक्क्यांनी वर जाणार, असं राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००१ मध्ये सांगितलं. मग २००४ मध्ये ‘सी-नोमिस’ची घोषणा झाली. तुरुंग आणि प्रोबेशन दोन्हींसाठी एकच माहितीसाठा, म्हणजे कैदी दारातून बाहेर पडला की त्याची नोंद त्याच्यासोबत चालत येणार. कल्पना चांगलीच होती. पण २३.४ कोटी पौंडांचा प्रकल्प २००७ च्या मध्यापर्यंत ६९ कोटींच्या अंदाजावर पोचला आणि थांबवावा लागला. नंतर तो फक्त तुरुंगांपुरता उरला. प्रोबेशनला हाती लागलं ते काही भागांत आधीपासून वापरात असलेलं ‘डेलियस’. त्याचीच राष्ट्रीय आवृत्ती तयार होऊन जेमतेम रुळते आहे तोवर फाळणी झाली.

खासगी कंपन्यांना आपापल्या प्रणाली सरकारी प्रणालीला जोडायच्या होत्या. त्यासाठीचा दुवा न्याय मंत्रालयाकडून वेळेत मिळाला नाही आणि या दिरंगाईपोटी मंत्रालयाने कंपन्यांना २.३ कोटी पौंड दिले. दरम्यान कामाचा बोजा मात्र वाढला होता. फेब्रुवारी २०१५ पासून अगदी काही दिवसांची कैद भोगून आलेल्यांवरही वर्षभर देखरेख ठेवायची होती. दुसरीकडे कंपन्यांच्या वाट्याला अंदाजापेक्षा कमी प्रकरणं आल्याने त्यांचं उत्पन्न घटलं आणि त्यांनी माणसं कमी केली. २०१७ मध्ये प्रोबेशनच्या कामावर नजर ठेवणाऱ्या सरकारी निरीक्षकांना अशी उदाहरणं आढळली, जिथे देखरेख म्हणजे सहा आठवड्यांतून एक फोन होता. फोनवर माणसाचे डोळे दिसत नाहीत, तोंडाचा वास येत नाही, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागू नये.

मार्च २०१५ मध्ये वेल्समधल्या पोर्थकॉल इथे एका १८ वर्षांच्या मुलावर प्राणघातक हल्ला झाला. मारेकरी अशाच एका कंपनीच्या देखरेखीखाली होता. त्याचं प्रकरण हाताळणारी कर्मचारी नवखी होती, आणि तिला मिळालेलं मार्गदर्शन फारच अपुरं होतं असा निष्कर्ष २०२० मधल्या मृत्युचौकशीत निघाला. त्या भागाचं कंत्राट असलेली ‘वर्किंग लिंक्स’ त्याआधीच, फेब्रुवारी २०१९ मध्ये, दिवाळखोरीत निघाली होती. मार्च २०१९ मध्ये मुख्य निरीक्षक डेम ग्लेनिस स्टेसी यांनी ही रचना दुरुस्त होण्यापलीकडे सदोष असल्याचं लिहिलं. मूळ करारांपेक्षा किमान ४६.७ कोटी पौंड जास्त मोजावे लागतील, असा लेखापरीक्षकांचा हिशेब होता.

जून २०२१ मध्ये दोन्ही तुकडे पुन्हा सरकारी छत्राखाली एकत्र आले. कंपन्यांकडची प्रकरणं आणि नोंदी परत आणण्याची दगदग पुन्हा कर्मचाऱ्यांनीच केली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रात्री घरी चालत निघालेल्या तरुणीचा खून झाला. मारेकरी नऊ दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटला होता. तो ‘उच्च’ धोक्याच्या गटात असायला हवा होता, पण ‘मध्यम’ म्हणून नोंदला गेला. तुरुंग आणि प्रोबेशन यांच्याकडची माहिती वेळेवर एकत्र जुळवली गेली नाही, असं जानेवारी २०२३ च्या निरीक्षकांच्या अहवालात आहे.