पाळण्यातला ‘जी’ आणि आपला जीव

आत्याला पेसमेकर बसवून दोन वर्षं झाली होती. नातवाच्या हट्टापायी आम्ही सगळे एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलो, तेव्हा रोलर कोस्टरच्या दाराशी दोन पाट्या होत्या. एकीवर जिराफ आणि त्याच्या मानेपाशी रेघ: उंची यापेक्षा कमी असेल तर प्रवेश नाही. दुसरीवर यादी: हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान-पाठीचे विकार, फिट्स, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. आत्याने दारावरच्या मुलाला विचारलं, “अरे, मला पेसमेकर आहे. बसू का?” तो म्हणाला, “मावशी, बोर्ड वाचला ना? मग तुमचं तुम्ही बघा.”

त्या मुलाचा दोष नाही. त्याला तेवढंच शिकवलेलं असतं. पण दोन पाट्यांमधला फरक माझ्या डोक्यातून जाईना. जिराफाची पाटी मुलाला वय विचारत नाही, इयत्ता विचारत नाही. पट्टा ज्या मापाने घट्ट बसतो, नेमकं तेवढंच मोजते. दुसरी पाटी मात्र रोगाचं नाव विचारते आणि थांबते. ‘हृदयविकार’ या एका शब्दात दहा वर्षांपूर्वी स्टेंट बसलेला आणि आता रोज पाच किलोमीटर चालणारा माणूस येतो आणि जिना चढताना धाप लागणाराही येतो. पाळणा शरीराला नेमकं काय करतो, हे त्या पाटीवर कुठेच नसतं.

तो करतो काय? मुख्यतः वजन बदलतो. जमिनीवर उभे असताना आपल्याला जाणवतं ते एक ‘जी’. दोन जी म्हणजे साठ किलोचा माणूस एकशेवीस किलोचा झाल्यासारखा. शून्य जी म्हणजे पोटात गोळा येतो तो क्षण. रुळांच्या आकारावरून यांचा हिशेब कागदावर मांडता येतो. अगदी गोल वळसा घ्या. माथ्यावर गाडी जेमतेम निसटू नये एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी येईपर्यंत वेग इतका वाढतो की प्रवाशाला सहा जी सोसावे लागतात. वर्तुळ लहान असो की मोठं, घर्षण सोडलं तर उत्तर सहाच येतं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमध्ये 1895 साली असा गोल वळशाचा ‘फ्लिप फ्लॅप’ होता आणि लोक त्यातून मान धरूनच उतरत. टिकणारा उपाय रूढ व्हायला 1976 उजाडलं. वर्नर श्टेंगल या जर्मन अभियंत्याने कॅलिफोर्नियातल्या ‘रिव्होल्यूशन’साठी वळसा उलट्या थेंबासारखा केला: तळाशी वक्रता पसरट, माथ्यावर आवळलेली. आज तुम्ही ज्यात उलटे होता, ते बहुतेक सगळे वळसे याच घराण्यातले.

आता हे जी रक्ताला कसे लागतात ते बघू. बसलेल्या माणसाचा मेंदू हृदयापेक्षा साधारण 30 सेंटिमीटर वर असतो. तेवढा रक्ताचा स्तंभ वर ढकलायला एका जीमध्ये सुमारे 23 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब खर्च होतो. चार जीमध्ये तोच खर्च नव्वदच्या पुढे जातो, आणि हृदयापाशी सरासरी दाब असतो जेमतेम 95. म्हणजे मेंदूपर्यंत पोचायला जवळजवळ काही उरत नाही. डोळ्यांपुढे करडं होतं ते यामुळेच. तरीही रोज हजारो लोक हसत उतरतात, कारण हा काळ एक-दोन सेकंदांचा असतो आणि मेंदूकडे चार-पाच सेकंद पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो. जोर लांबला तर शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब सावरतं, पण त्याला आणखी काही सेकंद लागतात. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने ज्यांच्या रक्तवाहिन्या आपोआप आवळणाऱ्या स्वयंचलित नसा बोथट झाल्या आहेत, त्यांचं हे सावरणंच लंगडं असतं. पाटीवर मधुमेहाचं नाव मी अजून पाहिलेलं नाही.

म्हणून नुसता ‘किती जी’ हा प्रश्न अर्धा आहे, ‘किती वेळ’ हा उरलेला अर्धा. 1994 च्या एका मोजणीत शिंकताना सुमारे 2.9 जी, पाठीवर थाप बसली की 4.1 आणि खुर्चीत धपकन अंग टाकलं की 10.1 जी भरले होते. सोफ्यावर दहा जी! पण तो क्षणाचाही बारीक तुकडा. रक्ताला हलायला तेवढा वेळच मिळत नाही. मणक्याच्या चकत्यांना मात्र तो धक्का कळतो. पाठ धरलेल्या माणसाने आणि रक्तदाबाच्या माणसाने एकाच पाटीखाली उभं राहून वेगवेगळे आकडे शोधायला हवेत.

जी बाजूला ठेवला तरी भीती उरतेच. जर्मनीत हासलोखजवळच्या हॉलिडे पार्कमध्ये ‘एक्स्पिडिशन जीफोर्स’ नावाचा कोस्टर आहे, ताशी 120 किलोमीटरचा. मानहाइमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी 55 निरोगी माणसांच्या छातीला ईसीजीची यंत्रं लावून त्यांना त्यात बसवलं. नाडी सरासरी 90 च्या आसपास होती, ती दीडशेच्या वर गेली. गंमत म्हणजे मोठी उसळी खाली कोसळताना नव्हे, तर गाडी वर चढत असतानाच सुरू झाली होती. तिथे जी असतो एक, घरी असतो तेवढाच. हृदय धावत होतं ते पुढे काय होणार या विचाराने. ज्यांच्या हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत किंवा ठोक्यांची लय आधीच बिघडते, त्यांना डॉक्टर ‘नको’ म्हणतात ते बहुधा भीतीने अंगात सुटणाऱ्या या अ‍ॅड्रिनलिनसाठी. रांगेत तासभर उभं राहून, वरच्या किंकाळ्या ऐकत, ते आधीच साठत असतं.

पेसमेकरचं प्रकरण याहून वेगळं. लोक म्हणतात, ‘चुंबक असतात तिथे’. असतात, आणि बरेच असतात. काही गाड्या विद्युतचुंबकाने फेकल्या जातात, आणि शेवटी वेग उतरवणारे ब्रेकही बऱ्याच ठिकाणी कायमस्वरूपी चुंबकांचे असतात. धातूची पट्टी त्यांच्यामधून गेली की तिच्यात विजेचे भोवरे-प्रवाह उठतात आणि गाडी आपोआप मंदावते. वीज गेली तरी हे ब्रेक लागतात, म्हणून अभियंत्यांचे ते लाडके. पेसमेकरला साधारण एक मिलिटेस्लाइतकं चुंबकीय क्षेत्र जाणवलं की तो हृदयाचं ऐकणं सोडून ठरावीक गतीने ठोके द्यायला लागतो. हृदयाला झटका देऊन लय ताळ्यावर आणणारं यंत्र असेल, तर ते तेवढ्यापुरतं झटके देणं थांबवतं. क्षेत्र दूर गेलं की दोन्ही पूर्ववत. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. घरातल्या हेडफोनसारख्या चुंबकांपासून 15 सेंटिमीटर राखा असं सांगतात ते त्यामुळेच. ब्रेकचे चुंबक जास्त ताकदीचे, पण ते रुळांपाशी, छातीपासून बरेच खाली. मला जास्त काळजी वाटते ती खांद्यावरून खाली येणाऱ्या जाड पट्ट्याची. पेसमेकरची डबी बहुतेकांच्या डाव्या कॉलरबोनखाली असते, नेमकी तिथेच तो दाबतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे तर तारा हृदयात अजून रुजलेल्याही नसतात. म्हणजे आत्याने विचारायला हवं होतं ते असं: पट्टा खांद्यावर येतो की मांडीवर? चुंबक गाडीच्या कुठल्या बाजूला आहेत? उत्तर द्यायला दारावरचा मुलगा पुरत नाही. कारखान्याच्या कागदांत ते असतं.

मांडीवरचा दांडा सगळ्यांनाच चालतो असंही नाही. तो धरतो मांड्यांना आणि नडग्यांना. न्यूयॉर्क राज्यातल्या डेरियन लेकमध्ये 2011 साली युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक कोस्टरमधून फेकला गेला आणि दगावला. गाडी टेकडीवरून उतरताना प्रवासी आसनावरून उचलला जातो, त्या क्षणी दांड्याला धरायला काही नव्हतं. आजाराच्या यादीत ‘पाय नसणे’ हा आजार नव्हेच. पण पट्ट्याच्या यंत्रशास्त्रात तीच पहिली ओळ असायला हवी.

आता जरा हलकं. मिशिगनचे डॉक्टर डेव्हिड वार्टिंगर यांचे काही रुग्ण सांगायचे की फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ‘बिग थंडर माउंटन’वर बसलो आणि मुतखडा पडला. त्यांनी सिलिकॉनची मूत्रपिंडाची प्रतिकृती करून घेतली, तिच्यात खरे खडे आणि लघवी भरली, आणि ती पाठपिशवीत मूत्रपिंडाच्याच उंचीवर धरून फेऱ्या मारल्या. पुढच्या आसनांवर 24 पैकी 4 खडे सरकले, मागच्या आसनांवर 36 पैकी 23. निबंध 2016 चा, आणि हसवणाऱ्या पण विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतं ते इग्नोबेल 2018 चं. लोक हसले. मला त्यातली शिस्त आवडते. त्यांनी पाळण्याला ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ म्हटलं नाही, कुठलं आसन काय करतं ते मोजलं. (खडा असेल तर आधी सोनोग्राफी. तिकीट नंतर.)

आणि खूप जणांचा पाळण्याशी संबंधच येत नाही, कारण ते रांगेतच गळतात. माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे उतरतं. ‘पॉट्स’ नावाच्या विकारात मोठ्या माणसाची नाडी उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत किमान तीस ठोक्यांनी वाढते, भोवंड येते. क्रोन्स या आतड्यांच्या दाहाच्या विकाराचा रुग्ण रांग सोडून शौचालयाला गेला तर नंबर जातो. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाकडे दिवसभराची म्हणून जी ताकद असते, ती अकरालाच संपते. डिस्नेने 2013 मध्ये अमेरिकेतल्या आपल्या उद्यानांत अपंग पाहुण्यांसाठी रांगेऐवजी परत यायची वेळ देणारी सोय सुरू केली: वाट तेवढीच बघा, पण कुठेतरी सावलीत बसून. त्यांच्यासाठीच्या आधीच्या पासचा गैरवापर झाला होता, श्रीमंत लोक अपंग व्यक्तींना भाड्याने सोबत घेऊन रांग टाळत. 2024 मध्ये ही सोयही मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक विकारांपुरती आखडली आणि शारीरिक आजारांचे लोक चिडले. गैरवापर रोखायला हवा हे मान्य, पण क्रोन्सच्या माणसाला रांगेतून बाहेर जाऊन परत ये म्हणणं म्हणजे जखम सोडून पट्टी दुसरीकडे बांधणं आहे.

उलट टोकाला टेक्सासच्या सॅन अँटोनिओत ‘मॉर्गन्स वंडरलँड’ आहे. गॉर्डन हार्टमन या बांधकाम व्यावसायिकाने आपल्या मुलीच्या नावाने 2010 मध्ये काढलं. अपंग व्यक्तींना प्रवेश फुकट. तिथे चाकाच्या खुर्चीसकट चढता येणारा झोका आहे. 2017 मध्ये शेजारी जलउद्यान काढताना प्रश्न आला विजेच्या खुर्च्यांचा. बॅटरी भिजली की संपली. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या अभियंत्यांनी दाबलेल्या हवेवर चालणारी खुर्ची केली. बॅटरीच नाही, त्यामुळे वजन कितीतरी कमी, आणि टाक्या दहा मिनिटांत भरतात. बॅटरीच्या खुर्चीला रात्र जाते. भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीचा उल्लेख आहे खरा. तो पाळण्याच्या पायरीपर्यंत अजून चढलेला दिसत नाही.

गंभीर आजार म्हणजे थेट नकार, हे विज्ञानालाही मान्य नाही. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग 65 वर्षांचे, एएलएस या स्नायू निकामी करत जाणाऱ्या मज्जाविकाराने जवळपास पूर्ण लुळे, 2007 च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडातून उडालेल्या विमानात आठ वेळा वजनरहित झाले. अंगाला रक्तदाबाची, ठोक्यांची, प्राणवायूची यंत्रं लावलेली, डॉक्टर शेजारी. तिथे कोणी ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हटलं नाही. किती सेकंद, किती जी आणि बिघडलं तर काय, हे आधी ठरलं होतं.

त्या दिवशी आत्या कोस्टरमध्ये बसली नाही. आम्ही आकाशपाळण्यासमोरच्या बाकावर जाऊन बसलो. मी घड्याळ लावलं: एक फेरी वीस सेकंद. त्रिज्या अंदाजे आठ मीटर. मोबाइलवर गुणाकार केला, उत्तर आलं आठ शतांश जी. म्हणजे माथ्यावर 0.92, तळाशी 1.08. पट्टा नाही, पुढ्यात नुसता आडवा दांडा, आणि तोही डबीपासून हातभर खाली. तिला आकडे सांगितले. “लिफ्टमध्ये एवढं होतं का रे?” म्हणाली. म्हटलं, साधारण होतं. तेवढ्यात ती उठलीच होती.

उतरल्यावर तिने मनगट पुढे केलं. मी ठोके मोजले, 96. “आपल्याकडची लिफ्ट बंद असते तेव्हा,” ती म्हणाली, “तिसऱ्या मजल्यावर याहून जास्त होतात.”