शेंबूड आणि मेकूड कशासाठी तयार होतात?

प्रौढ माणूस दिवसभरात सुमारे १०,००० लिटर हवा श्वासावाटे आत घेतो आणि तिच्याबरोबर धूळ, परागकण, काजळी, बुरशीचे बीजाणू, जिवाणू व विषाणूही नाकात शिरतात. फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती अतिशय पातळ असल्यामुळे ही हवा तेथे पोहोचण्यापूर्वी गाळली जाणे, उबदार होणे आणि ओलसर होणे आवश्यक असते. ही कामे नाकाच्या आतील श्लेष्मल आवरणात होतात, आणि ज्याचे नाव काढताच आपल्याला किळस येते त्या शेंबडाचा त्यांत मोठा वाटा असतो.

शेंबडाचा बहुतांश भाग पाण्याचाच असतो. त्याला चिकटपणा येतो तो म्युसिन नावाच्या प्रथिनांमुळे. या प्रथिनांच्या लांब रेणूंना शर्करेच्या असंख्य शाखा असतात आणि त्या पाणी धरून ठेवतात. याखेरीज त्यात क्षार, प्रतिपिंडे आणि जिवाणूंना मारक ठरणारी प्रथिने असतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या शोधाच्या कितीतरी आधी, १९२१ साली, सर्दी झालेल्या नाकातील स्राव जिवाणूंच्या संवर्धनावर टाकून पाहिला, तेव्हा त्याच्या आसपासचे जिवाणू विरघळून गेले. काही जिवाणूंच्या पेशीभित्तिका फोडणाऱ्या, त्या स्रावातील या विकराला (म्हणजे एन्झाइमला) त्यांनी लायसोझाइम हे नाव दिले. शेंबूड म्हणजे केवळ धूळ अडकवणारा चिकट थर नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती या थराची अखंड हालचाल. आवरणावरील पेशींना पक्ष्माभिका नावाचे अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात; ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका लयीत हलतात आणि वरचा चिकट थर मिनिटाला सुमारे ५ मिलिमीटर या वेगाने घशाकडे ढकलतात. तेथून तो आपण नकळत गिळतो व त्यातील बहुतेक जंतू जठरातील आम्लात नष्ट होतात. ही यंत्रणा तपासण्याची एक साधी पद्धत आहे: नाकाच्या आत थोडे मागच्या बाजूला सॅकरिनचा बारीक कण ठेवायचा आणि घशात गोड चव किती वेळाने लागते ते पाहायचे. निरोगी माणसाला ती साधारणपणे २० मिनिटांच्या आत जाणवते. पक्ष्माभिकांच्या रचनेतच जन्मजात दोष असेल, तर हा थर पुढे सरकत नाही आणि लहानपणापासून सायनस व फुप्फुसांचे संसर्ग वारंवार होत राहतात.

नाकपुडीच्या अगदी तोंडाशी मात्र त्वचा व केस असतात, पक्ष्माभिका नसतात. तेथे आलेला स्राव मागे ओढला जात नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या हवेने तो सुकतो, त्यात धूळ मिसळते आणि मेकूड तयार होते. कोरड्या थंडीत किंवा धुळीच्या रस्त्यावरून प्रवास केल्यावर मेकडे वाढतात ती याच कारणाने. ती नखाने खरवडणे योग्य नाही, कारण नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचे जाळे अगदी वरवर असते आणि थोड्याशा ओरखड्यानेही घोळणा फुटतो. कोमट पाण्याने ती मऊ करून हलकेच शिंकरणे बरे.

सर्दीत शेंबूड हिरवट-पिवळा झाला की अनेक पालक प्रतिजैविकांचा आग्रह धरतात, आणि या समजुतीचे निराकरण होणे मला फार गरजेचे वाटते. हा रंग संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या रक्तपेशींमधील एका लोहयुक्त, हिरव्या विकराचा असतो. विषाणूजन्य सर्दीतही तो काही दिवसांनी येतोच, आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. त्यामुळे डॉक्टर केवळ रंगावरून निर्णय घेत नाहीत; दहा दिवस उलटूनही उतार पडला आहे का, बरे वाटू लागल्यावर त्रास पुन्हा बळावला आहे का, तीव्र ताप किंवा चेहऱ्यात वेदना आहेत का, हे ते विचारतात.