सुटाला डाग नको म्हणून स्कूटर

आपल्याकडे स्कूटर म्हणजे संसार. पुढे उभं पोरगं, मागे एका अंगावर बसलेली आई, पायाशी भाजीची पिशवी नाहीतर गॅसचा सिलिंडर. १९६०च्या सुमारास बजाजने इटलीच्या पियाज्जिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली आणि लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले. त्याच सुमारास लंडनमध्ये हीच व्हेस्पा आणि तिची सवत लॅम्ब्रेटा अठरा-वीस वर्षांच्या छानछोकी पोरांखाली होती. त्यांना 'मॉड' म्हणत.

नाव आलं जॅझमधून. पन्नासच्या दशकात तिथे दोन तट होते: जुन्या न्यू ऑर्लिन्स वळणाचं जॅझ ऐकणारे आणि माइल्स डेव्हिससारख्यांचं मॉडर्न जॅझ ऐकणारे. हे दुसरे ते मॉडर्निस्ट. जॅझ लवकरच मागे पडलं. त्याची जागा अमेरिकी सोल, रिदम अँड ब्लूज आणि जमैकाच्या स्काने घेतली. रेडिओवर हे संगीत क्वचितच लागे, म्हणून लंडनच्या सोहो भागातल्या 'फ्लमिंगो' क्लबात शनिवारची रात्र जागवायची. तिथे वेस्ट इंडिजहून आलेली मंडळी येत, अमेरिकी तळांवरचे कृष्णवर्णीय सैनिकही येत. नव्या रेकॉर्डी कित्येकदा या सैनिकांच्याच हातून पोचत. जागरणाला अँफेटामिनच्या गोळ्यांचा टेकू असे, हेही सांगायला हवं.

पैसा कुठून आला? युद्धानंतर नोकऱ्या मुबलक होत्या, १९६०मध्ये सक्तीची लष्करभरती थांबली आणि वस्तू हप्त्यांवर मिळू लागल्या. कारकुनी करणारा पोरगा पगार थेट शिंप्याकडे नेई. तीन बटणांचा इटालियन वळणाचा कोट, अरुंद कॉलर, आणि मागचा काप किती इंचांचा यावर तासभर वाद! स्कूटरही त्याच हिशोबातली. इंजिन झाकलेलं, पुढे पत्रा, म्हणजे पाटलोणीला वंगण लागत नाही. सुटावर अमेरिकी लष्कराचा जुना पार्का, म्हणजे टोपीवाला सैल कोट, चढवायचा, तोही धूळपाण्यापासून बचाव म्हणून.

बाहेरच्या जगाला मात्र मॉड आठवतात ते मारामारीमुळे. १९६४च्या ईस्टरला क्लॅक्टनच्या किनाऱ्यावर थंडी-पावसात कंटाळलेल्या पोरांनी धुडगूस घातला, नव्वदहून अधिक जणांना अटक झाली. मेच्या सुट्टीत ब्रायटन आणि मार्गेटला मॉड आणि मोटरसायकलवाले 'रॉकर' भिडले. वर्तमानपत्रांनी त्याची लढाई केली. समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी १९७२च्या पुस्तकात हा फुगवटा उलगडून दाखवला. 'मॉरल पॅनिक', म्हणजे एखाद्या गटाचा बाऊ करून समाजात पसरलेली घबराट, ही संज्ञा रुळली ती तिथून.

साठचं दशक सरता सरता मॉड पांगले. काही सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांचा रंग असलेल्या संगीताकडे वळले, काहींचे केस आणखी आखूड होऊन ते स्किनहेड झाले. उत्तर इंग्लंडने सोल सोडलं नाही. १९७३पासून विगन गावातल्या 'विगन कसिनो' या नाचाच्या क्लबात तेच जागरण, फक्त आता अमेरिकेत न खपलेल्या, कुणाला न सापडणाऱ्या रेकॉर्डीसाठी जीव टाकणं सुरू झालं.

आणि लॅम्ब्रेटा? तिची यंत्रसामग्री १९७२मध्ये भारत सरकारच्या स्कूटर्स इंडियाने घेतली आणि लखनौला आणली. पुढे ब्रिटनमधले शौकीन तिथली लॅम्ब्रेटा मागवू लागले.