कुंदा, कोळपं आणि एचआयव्ही

काळ्या रानात कुंदा हे तण माजलं की आमच्या परभणीकडं नुसत्या कोळपणीवर कुणी विसंबत नाही. वरून कापलेला कुंदा पाऊस पडला की पुन्हा हिरवा होतो. तो मुळासकट खांदूनच काढावा लागतो.

एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या एआरटी सेंटरमध्ये ‘विषाणू सापडला नाही’ असा रिपोर्ट हाती आला की पेशंटचा प्रश्न ठरलेला: “मग गोळी बंद करू का?” प्रश्न रास्तच आहे. पण गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू परततो. म्हणून तर ऊसतोडीला निघताना कोयत्याआधी गोळ्यांचा डबा बांधायचा.

हा विषाणू परत येतो कुठून? एचआयव्ही आपली जनुकं थेट आपल्या प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशीच्या डीएनएमध्ये शिवून टाकतो. अशा बहुतेक पेशी मरतात. काही मात्र ‘स्मृतिपेशी’ होऊन वर्षानुवर्षं झोपून राहतात. आतला विषाणू गप्प, म्हणून प्रतिकारशक्तीला त्या ओळखू येत नाहीत. गोळी नव्या पेशींची लागण रोखते, या जुन्या मुळ्यांना ती हातही लावत नाही. झोपलेल्या दहा लाख सीडी४ पेशींत जेमतेम एखादीच अशी सापडते, पण तेवढी पुरते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००३ मध्ये हिशेब मांडला: अशा पेशींचा साठा निम्मा व्हायला ४४ महिने, संपायला ७३ वर्षं. त्यात या पेशी स्वतःच्या प्रती काढतात, हे पुढं कळलं. म्हणजे मुळ्यांना फुटवे!

अमेरिकेतल्या मिसिसिपीत २०१० साली एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या एका बाळाला तीसेक तासांतच औषधं सुरू झाली, दीड वर्षानं ती सुटली. पुढं २७ महिने काहीच सापडलं नाही. जगभर आशा पालवली, आणि २०१४ मध्ये विषाणू परतला.

बरे झालेलेही आहेत. टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताचा कॅन्सर होता. २००७ मध्ये बर्लिनमध्ये त्यांना ज्या दात्याच्या मूळपेशी मिळाल्या, त्याच्या पेशींवर विषाणूला शिरायला लागणारं सीसीआर५ नावाचं दारच नव्हतं. २०२० मध्ये ते कॅन्सरनं गेले, एचआयव्ही मात्र परतला नव्हता. असे मोजकेच. हे प्रत्यारोपण जिवावर बेतू शकतं, त्यामुळं ‘एड्सवर इलाज सापडला’ हे मथळे वाचून मला चीड येते.

दुसरी वाट झोपलेल्याला उठवून मारण्याची. व्होरिनोस्टॅट या कॅन्सरच्या औषधानं विषाणू जागा झाला खरा, पण साठा घटला नाही. काही संशोधक आता उलटं बघतायत: विषाणूला कायमचंच झोपवून ठेवायचं. कुंद्याला असं झोपवलेलं मात्र आमच्याकडं कुणी ऐकलेलं नाही.