सेवेची तळमळ आणि खुर्चीची ओढ

कोल्हापुरात कुठलीच निवडणूक लहान नसते. साखर कारखाना असो, दूध संघ असो की गल्लीतल्या तालमीचं अध्यक्षपद, जोडण्या लागतात, पैरा फेडला जातो, तांबड्या-पांढऱ्याच्या पंगती उठतात. हे वारं चर्चच्या आवारातही शिरतं. मंडळीचे पंच निवडायचे दिवस आले की उपासना सुटल्यावर दोन-दोन, चार-चारचे घोळके उभे राहतात आणि प्रत्येक घोळक्यात तेच ऐकू येतं : "मला काय नको, मंडळीचं भलं झालं पाहिजे."

ज्याला खरंच सेवेची तळमळ आहे तोही हेच म्हणतो आणि ज्याला खुर्चीची ओढ लागलीय तोही. दोघंही रविवारी लवकर येऊन बाकं पुसतात, मयताला रात्री-अपरात्री धावतात, नाताळच्या वर्गणीला दारोदार फिरतात. वरून फरक कळत नाही. ओढ लागलेल्याला स्वतःलाही कळत नाही, हे जास्त अवघड.

मग लोक एक सोपी कसोटी लावतात. पद मागतो तो लोभी, नको म्हणतो तो सेवक. पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, ही कसोटी पटलेली दिसत नाही. शास्ते या पुस्तकातला गिदोन बघा. 300 माणसं घेऊन त्यानं मिद्यानी सैन्य पळवून लावलं. लोक म्हणाले, आमच्यावर राज्य कर. तो म्हणाला, मी नाही करणार, माझा मुलगाही नाही, परमेश्वर करील. उत्तर शंभर नंबरी. पण लगेच पुढच्या वचनात तो लुटीतली सोन्याची कुंडलं मागतो. भरली 1700 शेकेल, म्हणजे आजच्या मापानं अठरा-वीस किलोच्या घरात. त्याचं एफोद, म्हणजे याजकाचं पवित्र वस्त्र, करून त्यानं आपल्याच गावात, अफ्रात ठेवलं आणि लोक त्या एफोदाच्या नादी लागले. बायका पुष्कळ, मुलगे 70. सिंहासन नाकारलं, थाट मात्र राजाचा. अशी माणसं आपल्याकडंही आहेत. कमिटीत त्यांचं नाव नसतं, पण त्यांना विचारल्याशिवाय पाळकसाहेबांच्या बंगल्याला चुनासुद्धा लागत नाही.

गिदोनाचा मुलगा अबीमलेख. बापानं झाकलेलं त्यानं उघड्यावर आणलं. शखेमात आजोळी गेला आणि म्हणाला, 70 जणांनी तुमच्यावर राज्य करावं की एकानं? मी तुमच्याच हाडामांसाचा आहे. "आपला माणूस" हा मुद्दा एवढा जुना आहे! देवळातली 70 शेकेल चांदी मिळाली, त्यात रिकामटेकडी पोरं भाड्यानं घेतली आणि भावांना एकाच दगडावर कापलं.

लपून वाचला तो धाकटा, योथाम. त्यानं गरिज्जीम डोंगरावरून ओरडून झाडांची गोष्ट सांगितली. झाडं राजा शोधत निघाली. जैतून म्हणालं, माझं तेल सोडून कुठं येऊ? अंजिराला आपली गोडी सोडवेना, द्राक्षवेलीला आपला रस. शेवटी काटेरी झुडूप तयार झालं : माझ्या सावलीत या, नाहीतर माझ्यातून आग निघून लबानोनचे उंच गंधसरू वृक्ष जळतील. सावली द्यायला अंगावर पान नाही आणि धमकी गंधसरूला! प्रवचनात पहिल्या तिघांचं कौतुक होतं. मला ते तितकंसं पटत नाही. "आपल्याला राजकारण नको बाबा" म्हणून चांगली माणसं घरी बसली की काट्याला बिनविरोध मैदान मिळतं.

म्हणजे फरक मागण्या-नाकारण्यात नाही. याकोब आणि योहान या शिष्यांनी येशूकडं उजवी-डावीकडची जागा मागितली, तेव्हा उरलेले दहा जण चिडले. ती चीड सात्त्विक असावी असं वाटत नाही, कारण येशूनं समज दिली ती बाराही जणांना. मोठं व्हायचं असेल तर सेवक व्हा, असं तो म्हणाला. मोठं होऊच नका, असं नाही म्हणाला.

फरक दिसतो हिशोबाच्या वेळी. इस्राएल लोकांचा म्हातारा न्यायाधीश शमुवेल लोकांसमोर उभा राहिला आणि स्वतःहून म्हणाला, मी कुणाचा बैल घेतला? कुणाचं गाढव घेतलं? लाच घेतली असेल तर सांगा, परत करतो. कुणी मागायच्या आधी त्यानं वही पुढं केली. ओढ लागलेल्याला खर्चाची पावती विचारा, लगेच आवाज चढतो : "माझ्यावर विश्वास नाही होय?" (शमुवेलही धुतल्या तांदळासारखा नव्हता. आपल्याच मुलांना त्यानं न्यायाधीश नेमलं आणि ती लाच खाऊ लागली.)

अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. पुढं मिशनच्या शाळा, दवाखाने, बंगले उभे राहिले. सांभाळायला एवढं असलं की किल्ल्यांचा जुडगा येतो आणि तो कंबरेला असला की माणसाची चाल बदलते. त्यात पदाला देवाचं नाव जोडलेलं, मग विचारणार कोण? सत्ता माणसाला बिघडवते, हे इंग्रज इतिहासकार लॉर्ड अ‍ॅक्टननं 1887 मध्ये पुढं बिशप झालेल्या क्रायटनला लिहिलं, ते पोपांच्या इतिहासावरून. अ‍ॅक्टन स्वतः कॅथलिक. पद माणसाला पवित्र करतं, यापेक्षा वाईट पाखंड नाही, असंही त्याच पत्रात आहे. ते वाक्य फारसं कुणी सांगत नाही.

अबीमलेखानं तीन वर्षं राज्य केलं. मग तेबेस शहराच्या बुरुजावरून एका बाईनं जात्याची तळी टाकली आणि त्याची कवटी फुटली. जीव जाता जाता तो शस्त्रवाहकाला म्हणाला, तलवार काढ आणि मला मार, बाईनं मारलं असं कुणी म्हणायला नको. त्यानं मारलंही. तरी पुढं दावीद राजाच्या काळात सेनापती यवाब जासुदाला निरोप पढवताना काय म्हणतो? अबीमलेखाला कुणी मारलं? बाईनंच ना, जात्याची तळी टाकून? आणि तो निरोप होता दावीदाचा शिपाई उरीया मेल्याचा, ज्याला दावीदानं त्याच्या बायकोपायी लढाईत पुढं घालून मारवलं होतं.