तोबे-याकी

तोबे-याकी : जपानच्या शिकोकू बेटावरील एहिमे प्रांतात, मात्सुयामा शहराच्या दक्षिणेस असलेल्या तोबे गावी बनणारी पोर्सिलेनची (चिनी मातीची) भांडी. जाड अंग, किंचित राखाडी झाक असलेला पांढरा रंग आणि त्यावर निळ्याने हाती काढलेली मोजकी, ठळक नक्षी ही त्यांची ओळख. जपानी पोर्सिलेन म्हटले की आरिता आणि कुतानी ही नावे आधी निघतात. युरोपच्या दिवाणखान्यांपर्यंत पोहोचली तीही तीच. तोबेची भांडी मुख्यतः स्वयंपाकघराच्या फळीवरच राहिली. त्यांचे खरे मोलही तिथेच कळते.

या भांड्यांचा जन्म टाकाऊ दगडातून झाला. हा भाग इयो (एहिमेचे जुने नाव) प्रांतातील धार लावण्याच्या दगडांसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध होता. दगड घडवताना निघणाऱ्या तुकड्यांचे ढीग हलवण्याचे काम गावकऱ्यांच्या गळ्यात पडे आणि त्याचा त्यांना जाच होई. या दगडांचा ओसाकातील व्यापारी इझुमिया जिहेई याने त्याच तुकड्यांपासून पोर्सिलेन करता येईल, असे ओझु संस्थानाला सुचवले. संस्थानिक काटो यासुतोकी याच्या कारकिर्दीत हे काम सुगिनो जोसुके याच्यावर सोपवण्यात आले. क्यूशूतील नागायो येथून पाच कुंभार बोलावले गेले, भट्टी उभी राहिली. पण भांडी काही धड निघेनात. बाहेरून आलेले कारागीर कंटाळून निघून गेले, जोसुके मात्र चिकटून राहिला. दोष झिलईच्या कच्च्या मालात असल्याचे चिकुझेनहून आलेल्या एका कुंभाराने त्याच्या लक्षात आणून दिले आणि 1777 साली पहिले पांढरे भांडे साधले. पुढे 1818 मध्ये कावानोबोरी येथे अधिक पांढरा दगड सापडला आणि मालाचा दर्जा सुधारला.

तोबेचा वाडगा हातात घेतला की आधी जाणवते ते वजन. काठ पातळ न ठेवता गोलसर, फुगीर केलेला असतो. जपानीत त्याला ‘तामाबुची’ म्हणतात. भांड्याला टवका बहुधा काठापासूनच उडतो, त्यामुळे या जाडीचा उपयोग उघड आहे. बूड रुंद आणि भक्कम असते. या घडणीचा एक जुना नमुना म्हणजे ‘कुरावांका’ वाडगा. एदो काळात (1603–1868) ओसाका आणि क्योतो यांच्या दरम्यान योदो नदीतून प्रवासी नावा चालत. हिराकाता येथे फेरीवाले आपल्या होड्या त्यांना भिडवून ‘काय, खाणार नाही का?’ अशा अर्थाच्या रांगड्या हाळ्या देत अन्न विकत. हलत्या नावेत कलंडू नये असा बसक्या, रुंद बुडाचा स्वस्त वाडगा या धंद्याला हवा होता. असे वाडगे मुख्यतः क्यूशूतील हासामी गावात होत, काही तोबेतही. हासामीचा माल पुढे बदलत गेला. तोबेत मात्र हा आकार आजही रोजच्या भाताचा आणि रश्श्याचा वाडगा म्हणून चालतो.

जाड अंगामुळे आतला पदार्थ लवकर निवत नाही आणि बाहेरून हातही पोळत नाही. शेजारच्या कागावा प्रांतात उदोन नूडल्स हे जणू रोजचे अन्न. तिथल्या अनेक खानावळींत तोबेचे वाडगे दिसतात ते याच कारणाने. नवरा-बायकोच्या भांडणात फेकले तरी फुटत नाहीत म्हणून यांना ‘भांडणाची भांडी’ असेही गमतीने म्हणतात. फरशीवर आपटले तर फुटणारच, पण थट्टेमागचा विश्वास खोटा नाही.

नक्षीचे काम कच्च्या भाजणीनंतर होते. सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजलेले भांडे सच्छिद्र असल्याने कुंचल्यातील रंग टेकताक्षणी शोषून घेते. एकदा ओढलेली रेघ पुसता येत नाही आणि हात अडखळला तर तिथे डाग जाड होतो. म्हणून वेलीची वळणे, सूर्याची किरणे असे प्रकार कमीत कमी फटकाऱ्यांत, न थांबता काढले जातात. रंग ‘गोसु’, म्हणजे कोबाल्टचा. त्यावर पारदर्शक झिलई चढवून सुमारे 1300 अंशांवर, भट्टीतली हवा तोकडी ठेवून दुसरी भाजणी होते. हाती काम असल्याने एकाच संचातले दोन वाडगेही तंतोतंत सारखे नसतात. काटेकोर सारखेपणा हवा असणाऱ्याने तोबेच्या वाटेला न जाणेच बरे.

मेइजी आणि ताइशो काळात (1868–1926) आग्नेय आशियाकडे ‘इयो बोल’ नावाने स्वस्त वाडग्यांची मोठी निर्यात झाली. ती ओसरल्यावर धंदा मंदावला. दुसऱ्या महायुद्धानंतर इतर केंद्रे यंत्रांकडे वळत असताना तोबे हातकामावरच राहिले. ही मागे पडण्याची खूण वाटावी, पण लोककला चळवळीचे यानागी मुनेयोशी, कुंभार हामादा शोजी आणि इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच 1953 मध्ये येथे आले तेव्हा त्यांनी वाखाणले ते नेमके हेच. पोर्सिलेनचे अध्वर्यू तोमिमोतो केनकिची यांचेही मार्गदर्शन गावाला लाभले. 1882 पासून चालत आलेल्या बाइझान भट्टीत याच सुमारास वेलबुट्टीचा जो साचा रूढ झाला, तो आज तोबेचा ‘परंपरागत’ नमुना समजला जातो. म्हणजे ही परंपरा दिसते तितकी जुनी नाही.

1976 मध्ये जपान सरकारने तोबे-याकीला राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. आज गावात सुमारे शंभर भट्ट्या आहेत, बहुतेक छोट्या, घरच्या माणसांवर चालणाऱ्या. स्त्री कुंभारांची संख्याही लक्षणीय आहे. दर एप्रिलमध्ये भरणाऱ्या जत्रेत भट्टीवाले स्वतः माल विकतात. वजन ही या भांड्यांची अडचणही आहे. मोठ्या थाळ्यांची चळत वृद्धांना उचलवत नाही आणि साकेच्या (तांदळाच्या मद्याच्या) प्याल्याचा जाड काठ ओठांना बोजड लागतो. त्यामुळे नव्या पिढीचे काही कुंभार पातळ अंगाची, रंगीत नक्षीची भांडीही घडवतात. रोजच्या भातासाठी गिऱ्हाईक मात्र अजूनही जाड, निळ्या वेलीचा वाडगाच उचलते.